मीटर कोणाच्या नावावर?

वीजबिलावर सगळ्यात वर ज्याचे नाव छापलेले असते, तो माणूस जाऊन कित्येक घरांत पंधरा-वीस वर्षे उलटलेली असतात. बिल दर महिन्याला येते, मुलगा किंवा सून ते भरते, नाव सासऱ्याचेच राहते. त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. अडते ते छपरावर सौर पॅनल बसवायचे ठरते त्या दिवशी. ग्राहक क्रमांक टाकला की पडद्यावर सासरे येतात, आधारकार्ड सुनेचे असते आणि पासबुक मुलाचे. मग मृत्यूचा दाखला काढा, वारसांची संमती घ्या, ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा आणा, महावितरणकडे नावबदलाचा अर्ज द्या. त्यात मुंबईला राहणाऱ्या धाकट्या दिराने सही करायला नकार दिला, तर सगळे तिथेच थांबते. कारण पॅनलचे निमित्त करून घर लाटताहेत, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. हे सगळे निस्तरल्यावर खरा अर्ज सुरू होतो.

हे पुस्तक त्या खऱ्या अर्जाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाचे आहे. बचत गटाच्या ताई, वस्तीतल्या मंडळाची मुले, एखाद्या लहान संस्थेचे दोन-तीन पगारी कार्यकर्ते, निवृत्तीनंतर गावात परतलेले एखादे गुरुजी अशी माणसे गरीब घरांना ऊर्जेच्या अनुदानापर्यंत कशी नेतात, याची ही वही आहे. वही म्हणतो ते कौतुकाने. हिच्यात सिद्धान्त नाहीत. कोणता कागद आधी काढायचा, कोणत्या टेबलाशी दुपारी जेवणाआधी जायचे, कोणत्या घराला ‘तुम्ही हे घेऊ नका’ म्हणून सांगायचे, असल्या गोष्टी आहेत. प्रस्तावना लिहिणाऱ्याने खरे तर अशा पुस्तकाच्या वाटेत फार वेळ उभे राहू नये. तरी या कामाला मागे काही इतिहास आहे आणि त्याचा हिशेब कोणी नीट मांडत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी पैशांचे पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत बिजली योजनेत केंद्र सरकार घरगुती सौर संचाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार रुपये देते. एका घराला जास्तीत जास्त ७८ हजार. योजनेचा आकार ७५,०२१ कोटी रुपयांचा आणि उद्दिष्ट एक कोटी घरांचे. यात कंजुषी नाही. पण पैसे येण्याचा क्रम बघा. आधी संकेतस्थळावर नोंदणी, मग वीज कंपनीची तांत्रिक मान्यता, मग नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच बसवून घेणे, मग तपासणी आणि नेट मीटर, आणि हे सारे पार पडल्यावर बँक खात्यात अनुदान. म्हणजे ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत, किंवा ज्याला बँक कर्जासाठी उभी करते, ज्याच्या घरावर स्लॅब आहे आणि मीटर स्वतःच्या नावावर आहे, त्याची गाडी सुरळीत चालते. दर महिन्याला अडीच-तीनशे युनिट जाळणाऱ्या घराला बचतही घसघशीत होते, म्हणून विक्रेताही आधी त्याच्याच दारात जातो. कोणी लबाडी केलेली नसते. क्रमच असा लावलेला आहे की मागचा माणूस मागे राहावा.

महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेली ‘स्मार्ट’ ही छतावरील सौर योजना नेमकी या मागच्या माणसासाठी आहे. एका किलोवॉटचा खर्च साधारण ५० हजार धरला, तर केंद्राचे ३० हजार वजा जाऊन राहिलेल्या २० हजारांत राज्य आपला वाटा घालते. दारिद्र्यरेषेखालच्या वीजग्राहकाला राज्याचे १७,५०० मिळतात, म्हणजे त्याच्या खिशातून जातात फक्त अडीच हजार. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या सर्वसाधारण गटातल्या घराला दहा हजार घालावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या घराला पाच हजार. आकडे वाचून हायसे वाटते. एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट देतो, आणि या घरांचा वापर शंभराच्या आत. बिलातला वीजआकार जवळजवळ पुसला जातो. स्थिर आकार तेवढा राहतो, आणि तो राहणार हे आधीच सांगून ठेवले नाही तर पहिल्या बिलाला कार्यकर्तीच्या दारात भांडण येते.

आणि तरीही गाठ सुटत नाही. पिवळे रेशनकार्ड हातात आहे म्हणून वीजबिलावर दारिद्र्यरेषेचा वर्ग लागतोच असे नाही. महावितरणच्या दरपत्रकात तो वर्ग वेगळा आहे आणि त्याला वर्षाकाठी ३६० युनिटांची मर्यादा आहे. घरात एक पंखा, एक टीव्ही आणि दोन दिवे आले की महिन्याचे तीस युनिट केव्हाच ओलांडले जातात. रेशनच्या दुकानात गरीब ठरलेले घर मीटरच्या हिशेबात गरीब राहत नाही. हे घराला कोण समजावून सांगणार? संकेतस्थळ सांगत नाही, वायरमनला वेळ नाही, आणि विक्रेत्याला सांगण्यात रस नाही. ते ताईच सांगते, बिलावरच्या त्या बारीक अक्षरातल्या रकान्यावर बोट ठेवून.

या कामाची पद्धत आपल्याकडे नवी नाही, आणि ती ऊर्जेच्या क्षेत्रात जन्मली असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने तडे गेलेल्या, पण उभ्या राहिलेल्या घरांची झाली नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, आसपासही, अशी हजाराहून जास्त गावे होती. त्या घरांच्या दुरुस्तीला आणि मजबुतीकरणाला सरकार पैसे देत होते, घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचे होते. लोक पुढे येईनात. दगड-मातीच्या भिंतींवरचा विश्वास उडालेला, शेजारच्या गावाला नवी घरे मिळताहेत मग आपण दुरुस्तीवर का भागवावे हा सवाल, आणि इंजिनिअर बोलतो ते कळत नाही. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले, आणि त्यांच्या मागे प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली. माळवदावरची मातीची थरांवर थर चढलेली रास उतरवून भार कमी का करायचा, भिंतीत आरपार दगड का घालायचा, हप्ता कशावर अडलाय, हे त्या बायका ओट्यावर बसून सांगत. मजबुतीकरण कसे करायचे ते इंजिनिअरने शिकवले असेल. पण ते करून घ्यायला घरातल्या माणसाला राजी केले ते या बायकांनी. आज ज्याला आपण योजना तळागाळात नेणे म्हणतो, त्याचा मराठवाड्यातला पहिला मोठा धडा मला तो वाटतो. गोपालन २०२२ साली गेल्या. पण त्या वेळी तयार झालेल्या बायकांचे जाळे पुढे चूल, दिवा, शेती अशा कामांत पसरत गेले.

त्याच जाळ्यातून एक पडती बाजूही शिकायला मिळाली, आणि या पुस्तकाने ती टाळलेली नाही हे मला विशेष आवडले. २००६ मध्ये बीपी या तेल कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची चूल बाजारात आणली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडलेली, आत छोटा पंखा असलेली, शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी. धूर नगण्य, आच चांगली. बचत गटांच्या बायकांनी ती घरोघर नेली, लाखांच्या संख्येने खपली. पुढे कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडली, गोळ्यांना उद्योगधंद्यांतून मागणी आली, भाव चढले, आणि कित्येक घरांत ती चूल फळीवर गेली. ज्या ताईने ती शेजारणीला विकली होती, तिला रोज त्याच शेजारणीच्या दारावरून जायचे होते. कंपनी आली तशी गेली, ताईला गाव सोडून जाता येत नाही. या कामात जोखीम नेमकी कोणाच्या डोक्यावर असते, हे मला कोणत्याही अहवालापेक्षा या एका गोष्टीतून जास्त स्पष्ट दिसते.

उज्ज्वला योजनेची कथा याला जोडूनच वाचावी. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या त्या योजनेत गॅसजोडणीसाठी १,६०० रुपयांचे साहाय्य होते आणि जोडण्या झपाट्याने झाल्या. आठ कोटींचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये गाठला, आणि तो सोहळा औरंगाबादला झाला. जोडणी मिळाली, पुढचा सिलिंडर भरायचा कशाने हा प्रश्न मात्र राहिला. मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० आणि पुढे ३०० रुपयांचे थेट अनुदान सुरू करावे लागले ते त्यातूनच. २०२१ मधल्या दुसऱ्या टप्प्यात आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली: स्थलांतरितांना रेशनकार्ड किंवा पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र चालेल, असे ठरले. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला ही सवलत म्हणजे काय, ते त्यांनाच माहीत. अट एका ओळीत शिथिल होते; पण ती अट कोणाला कशी बोचते हे आधी कोणाला तरी वर्षानुवर्षे वर कळवत राहावे लागते. संस्थांच्या कामाचा हा भाग फोटोत येत नाही.

अहमदाबादने तर पत्त्याच्याही पलीकडची अडचण सोडवली. तिथल्या वस्त्यांत पूर्वी वीज होती, पण ती दलालाची. एका खांबावरून ओढलेल्या तारा, दिव्यामागे ठरलेला दर, आणि वर दादागिरी. अधिकृत जोडणीला जमिनीच्या मालकीचा कागद लागे, तो कोणाकडेच नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत ‘साथ’ आणि सेवा परिवारातला, १९९४ मध्ये स्थापन झालेला महिला हाउसिंग ट्रस्ट या संस्थांनी महापालिका आणि वीज कंपनी यांना एका टेबलाशी आणले. वीजजोडणी म्हणजे जागेवरचा हक्क नव्हे असे कुटुंबाने लिहून द्यायचे आणि कंपनीने मीटर द्यायचे, असा मार्ग निघाला. कंपनीच्या विजेची चोरी थांबली, कुटुंबाला पावती मिळाली. पुढे याच ट्रस्टने वस्तीतल्या बायकांना घरातल्या वीजवापराची तपासणी करायला शिकवले. वस्तीतलीच बाई वहीपेन घेऊन घरात येते, दिवे मोजते, पंख्याचे वॅट पाहते आणि सांगते की बिल इथे गळतेय. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत काम करणाऱ्यांनी पुस्तकातला तो भाग दोनदा वाचावा, असे मी सुचवीन.

कारण घरातली सगळ्यात स्वस्त वीज ही न वापरलेली वीज. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. उन्हाळ्यात दिवसाला पंधरा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. दोन पंख्यांच्या घराला ही बचत एक किलोवॉटच्या संचाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होते, आणि तिला ना स्लॅब लागतो ना मालकी. एलईडी दिव्यांच्या ‘उजाला’ योजनेने जानेवारी २०१५ पासून हेच केले. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा दिवा अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला, आणि ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. तिथे कागद काय लागला? चालू वीजबिल आणि ओळखपत्र. कागद जितके कमी, तितकी योजना लांब जाते, हे सिद्ध करायला कोणत्या अभ्यासाची गरज नव्हती.

तरी अभ्यास झालेला आहे, आणि तो आपल्याकडचा नाही म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९७६ पासून गरीब घरांसाठी केंद्र सरकारचा एक कार्यक्रम चालतो. घराच्या फटी बुजवणे, माळ्यावर उष्णतारोधक थर घालणे, जुनी भट्टी बदलून देणे, असे काम घरमालकाकडून एक पैसा न घेता होते. ते करतात स्थानिक लोकसंस्था. त्यांतल्या अनेक संस्था १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यातून उभ्या राहिलेल्या. मिशिगन राज्यात मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वुल्फ्रम या अर्थशास्त्रज्ञांनी पात्र घरांच्या एका गटाच्या मागे लागून पाहिले: घरी भेटी, वारंवार फोन, अर्ज भरायला मदत. सरासरी पाच हजार डॉलरचे काम फुकट मिळणार होते. तरी मागे न लागलेल्या गटात एक टक्काही घरे शेवटपर्यंत पोचली नाहीत, आणि मागे लागूनही पोचली ती सहा टक्क्यांच्या आत. काम पूर्ण झालेल्या अशा प्रत्येक वाढीव घरामागे नुसत्या पाठपुराव्याचा खर्च हजार डॉलरच्या वर गेला. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ असा लावला की गरिबांनाच नको आहे. मला तो आळशी अर्थ वाटतो. उत्पन्नाचे दाखले, मागची बिले, मालकीचा कागद, तपासनिसासाठी रजा टाकून घरी थांबणे, मग कंत्राटदारासाठी पुन्हा थांबणे, ही सगळी किंमतच आहे आणि रोजंदारीवरच्या माणसाला ती सर्वांत महाग पडते. फुकट म्हटलेल्या वस्तूची ही किंमत कोणाला तरी भरावीच लागते. घराने भरायची नसेल तर संस्थेने भरायची.

आपल्याकडे ती किंमत कशी दिसते? दुपारी तीनला ताई वस्तीत मोबाईलवर अर्ज भरत बसलेली असते. आधारवर नावापुढे ‘बाई’ लागलेले, पासबुकावर नाही. तो तंटा कसाबसा मिटतो आणि ओटीपी जातो तिसऱ्याच नंबरवर.

“मावशी, हा नंबर कुणाकडं असतो?”

“थोरल्याकडं. चाकणला कंपनीत आहे तो.”

“लावा की त्याला फोन.”

“आत मोबाईल नेऊ देत न्हाईत. सहाला सुटंल.”

ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. ताई रात्री साडेआठला पुन्हा येते, तोवर साइट बसलेली असते. तिसऱ्या दिवशी अर्ज पुढे सरकतो आणि मग कळते की मीटरवर चार वर्षांपूर्वीची थकबाकी आहे. अशा घराला ‘ऑनलाइन सोपी प्रक्रिया’ हे शब्द ऐकून हसूही येत नाही.

ही जागा रिकामी राहिली तर ती दुसरा कोणीतरी भरतो. “सगळं फुकट आहे काकू, फक्त इथं सही करा,” असे म्हणणारा माणूस दारात येतो आणि सही कशावर घेतली हे खात्यातून पहिला हप्ता कापला गेल्यावर कळते. अनुदान कर्जखात्यात वळते झाले की नाही, हप्ता किती वर्षांचा, संच कुठल्या बनावटीचा, अनुदानासाठी लागणारी देशी बनावटीचीच पॅनले आहेत का, हे विचारणारे कोणी घरात नसते. पुस्तकातले विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांचे प्रकरण त्यासाठीच आहे. त्यातला पहिला प्रश्न मला फार आवडला: या गावात तुम्ही आधी कोणाकडे बसवला, त्या घरी आपण आत्ता जाऊया का?

संस्थेचा आणि एजंटाचा फरक एका गोष्टीत दिसतो. संस्था नको म्हणू शकते. ज्या घराच्या छपरावर गंजलेले पत्रे आहेत आणि खालचे लाकूड वाळवीने खाल्लेले आहे, तिथे पंचवीस-तीस किलोचे एकेक पॅनल चढवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. आधी छप्पर, मग पॅनल. पण छपराला या योजनेत पैसे नाहीत, घरकुलाची यादी वेगळी, तिचा नंबर वेगळा. अमेरिकेतल्या त्याच कार्यक्रमात गळके छप्पर किंवा बुरशी लागलेल्या भिंती दिसल्या की काम पुढे ढकलून परत फिरावे लागते, आणि तिथे त्या आधीच्या दुरुस्तीसाठी २०२२ मध्ये वेगळा निधी काढावा लागला. आपल्याकडे तसा निधी निघेपर्यंत एवढेच करता येते की त्या घराचे नाव घरकुलाच्या यादीत कुठे आहे ते ग्रामसभेत विचारत राहायचे, आणि तोवर पत्र्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारून आतली धग कमी करायची. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांतली छपरे रंगवणे हे त्याचे एक अंग झाले. विदर्भातल्या शहरांत तर यासाठी कोणाला पटवून द्यायचीही गरज नाही.

भाडेकरूंचे काय, याला पुस्तकात समाधानकारक उत्तर नाही. कारण आज योजनेतच ते नाही. अनुदान छप्पर असलेल्याला आहे. गृहनिर्माण सोसायटीला सामायिक संचासाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, पण चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पोटभाड्याने राहणारे कुटुंब त्या सोसायटीच्या वहीत कुठेच नसते. लेखकांनी हे लपवले नाही, तिथे फक्त पंखे, दिवे आणि मीटर वेगळा करून घेणे एवढ्यावर थांबले आहेत. मला ते प्रामाणिक वाटले.

याउलट जिथे गाव एकत्र आले, तिथे काम किती सोपे होते याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आहे. मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. लहान गाव, ग्रामपंचायत जागी, सगळ्यांचे कागद सगळ्यांना ठाऊक. एका घराची अडचण ही तिथे सभेत मांडायची गोष्ट होते. पाच हजार उंबऱ्यांच्या निमशहरी गावाला किंवा महानगरातल्या वस्तीला हे जसेच्या तसे लागू होणार नाही, आणि तसे भासवणाऱ्या यशोगाथांचा मला कंटाळा आहे. पण गल्लीगल्लीचे मान्याचीवाडी करता येते. वीस घरांचे कागद एकदम घेऊन गेलेल्या ताईला महावितरणच्या कार्यालयात खुर्ची मिळते. एकट्या बाईला उद्या या म्हणतात.

आता माझी या प्रस्तावनेतली एकच तक्रार. सूर्यघर योजनेत आपल्या हद्दीत बसवलेल्या प्रत्येक संचामागे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एक हजार रुपये प्रोत्साहन ठेवले आहे. म्हणजे घर योजनेपर्यंत आणायलाही खर्च येतो हे दिल्लीला मान्य आहे. पण ते हजार रुपये त्या घराच्या सहा फेऱ्या मारणाऱ्या ताईपर्यंत पोचतील, याची तजवीज ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ताईला मिळतो तो सत्कार, नारळ आणि शाल. तिची फेरी, तिचा रिचार्ज, तिचा बुडालेला रोज हा योजनेच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे, संचाच्या किमतीत पॅनलचा आणि इन्व्हर्टरचा असतो तसा. जी संस्था हे काम घेईल तिने पहिल्या दिवशीच ग्रामपंचायतीकडून ठराव करून घ्यावा की या हजारातला ठरलेला वाटा काम पूर्ण झाल्यावर कार्यकर्तीच्या खात्यात जाईल. घराकडून मात्र एक रुपयाही घेऊ नये, चहासुद्धा जपून. पैसे घराकडून घेतले की नको म्हणण्याची ताकद त्याच दिवशी संपते.

सौर कंपन्यांच्या जाहिरातीत संच बसल्यावर गोष्ट संपते. या पुस्तकात तिथून पुढे वीस पाने आहेत. फोटो निघतात, विक्रेता निघून जातो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या करारातच आहे, हे घराला ठाऊक नसते; करार कुठे ठेवला तेही आठवत नाही. पॅनलवर धूळ बसते, शेजारचा शेवगा वाढून सावली पडते, वीज कमी येते आणि गावभर बोलले जाते की हे सरकारी काम असेच. म्हणून पुस्तकाच्या शेवटी दिलेला देखभालीचा तक्ता झेरॉक्स करून प्रत्येक घराच्या बिलांच्या फाइलीत लावावा. दसऱ्याच्या सुमारास एकदा आणि होळीच्या आधी एकदा जाऊन भरावा. इन्व्हर्टरचा क्रमांक, विक्रेत्याचा चालू फोन आणि नेट मीटर बसल्याची तारीख हे तीन रकाने संच बसेल त्याच दिवशी भरा. बाकीचे सावकाश भरले तरी चालतील.